ऑनलाइन दुकानातल्या माहितीची किल्ली कुणाकडे?

(महासंघाच्या पुण्यातल्या प्रशिक्षण शिबिरात ऑनलाइन विक्रीच्या सत्रात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांनी तो आपल्या गटात वाचून घ्यावा.)



सकाळच्या सत्रात आपण मालाचे फोटो कसे काढायचे, भाव कसा बांधायचा, पार्सल फुटू नये म्हणून काय करायचं, हे सगळं बघितलं. माझ्या वाट्याला आलेला विषय तेवढा चवीचा नाही. पण तो राहून गेला तर बाकीचं सगळं केलेलं पाण्यात जाऊ शकतं, म्हणून जेवणानंतरची झोप जरा बाजूला ठेवून ऐका.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते चांगलंही आहे. पण त्या दुकानात गिऱ्हाइकांची आणि आपल्या सभासदांची जी माहिती जमा होते, ती कुणी बघायची, किती दिवस ठेवायची, कुणाला द्यायची, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते आपण ठरवायचं असतं. आणि ते दुकान बसवून देणाऱ्या मुलावर सोपवायचं काम नाही, ते गटाच्या बैठकीत ठरवायचं काम आहे.

आधी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते समजून घेऊ

ऑनलाइन विकायचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे दुसऱ्याच्या बाजारात गाळा घ्यायचा. केंद्र सरकारचं ई-सरस आहे, अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आहे. तिथे दुकान त्यांचं, नियम त्यांचे आणि गिऱ्हाईकही त्यांचंच. आपल्याला ऑर्डर येते, आपण माल पाठवतो. गिऱ्हाइकाची ओळख त्यांच्या वहीत राहते.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःच्या नावाचं दुकान. त्यासाठी वर्डप्रेस आणि त्यावर बसणारं वूकॉमर्स आहे, ओपनकार्ट आहे, प्रेस्टाशॉप आहे. वर्डप्रेस २००३ पासून आहे, वूकॉमर्स २०११ पासून. ही सगळी ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. याचा अर्थ ते कसं लिहिलंय ते कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं, वापरता येतं.

मसाल्याचं उदाहरण घ्या. बाजारातलं बंद पाकीट आणलं तर आत नेमकं काय कुटलंय ते आपल्याला कळत नाही. गोड्या मसाल्याची कृती उघड असेल तर दहा जणी ती वाचतात, धणे जास्त झाले तर सांगतात, दगडफूल चुकलं तर सांगतात. उघड कृतीचा हा फायदा. जुलै २०२१ मध्ये वूकॉमर्समध्ये एक मोठी चूक सापडली. त्या चुकीतून दुकानातल्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांची माहिती बाहेरच्या माणसाला काढता येण्याजोगी होती. चूक कळल्यावर थोड्याच वेळात तिची दुरुस्ती आली, तीही जुन्या नव्वदहून जास्त आवृत्त्यांसाठी. पण ती दुरुस्ती ज्या दुकानांपर्यंत पोचली त्यांनाच तिचा उपयोग झाला. ज्यांनी दुकान बसवलं आणि परत तिकडे बघितलंच नाही, त्यांचं दार तसंच उघडं राहिलं.

म्हणून एक फरक डोक्यात पक्का ठेवा. मसाल्याची कृती उघडी आहे म्हणून आपल्या घराचं दार उघडं ठेवायचं नसतं. सॉफ्टवेअर उघडं असतं, त्यातली माहिती बंद ठेवायची असते. आणि ते दार बंद करणारं दुसरं कुणी नाही. अ‍ॅमेझॉनच्या गाळ्यावर ते काम अ‍ॅमेझॉन करतं. आपल्या दुकानात आपण.

वही एक, प्रती हजार

तुमच्यातल्या कितीतरी जणी पुण्याच्या भीमथडी जत्रेत स्टॉल लावतात. गिऱ्हाईक चकली घेतं, आवडली की म्हणतं, दिवाळीला फराळ पाठवाल का? आपण वहीत नाव, फोन, पत्ता लिहून घेतो. ती वही स्टॉलवाल्या ताईच्या पिशवीत असते. हरवली तर एक वही हरवते.

ऑनलाइन दुकानातही तीच वही आहे. पण ती एका जागी नसते. दुकान ज्या सर्व्हरवर आहे तिथे एक प्रत. रोजच्या बॅकअपमध्ये एक. ऑर्डरचा ई-मेल येतो त्यात एक. ऑर्डरची यादी एक्सेलमध्ये उतरवली की मोबाइलमध्ये एक. ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की जितक्या जणी ग्रुपमध्ये तितक्या प्रती. आणि त्यातली कुठली प्रत कधी कुणाकडे गेली ते आपल्याला कळतही नाही, कारण मूळ वही तर जागेवरच असते.

कुणी म्हणेल, आमच्याकडे लाडू-पापडाच्या ऑर्डरी, त्यात चोरायचं काय? बघा बरं काय काय असतं.

समजा, एका घरातून डिंकाचे नि अळिवाचे लाडू मागवलेत. म्हणजे त्या घरी बाळंतीण आहे, तान्हं बाळ आहे. कुणी दर महिन्याला सॅनिटरी पॅड मागवतंय. ऑर्डरच्या खाली 'सूचना' म्हणून एक चौकट असते, तिच्यात लोक काय लिहितात? 'दुपारी घरी आई एकट्याच असतात, बेल दोनदा वाजवा.' 'आम्ही २० ते २५ तारखेपर्यंत गावाला आहोत, पार्सल शेजारी द्या.' मैत्रिणींनो, घर कधी बंद आहे, म्हातारं माणूस कधी एकटं आहे, हे पत्त्यासकट आपल्या हातात आलं. गिऱ्हाइकाने ते आपल्यावर विश्वास टाकून लिहिलं. आपल्याला ते चार शब्द वाटतात. चोराला ते आमंत्रण असतं.

आणि चोर दरवेळी कुलूप तोडूनच येतो असंही नाही. पुण्यातलीच गोष्ट सांगते. एप्रिल २००५ मध्ये पुणे पोलिसांनी एका मोठ्या फसवणुकीत काही जणांना अटक केली. एमफॅसिस कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमध्ये अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांचे फोन येत. तिथे काम केलेल्या काहींनी ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या खात्यांवर वळवले. कॉम्प्युटर फोडला नाही, कुलूप तोडलं नाही. ज्यांच्या हातात माहिती होती, त्यांनीच ती वापरली. पुण्यातल्या नव्या कॉल सेंटर धंद्याला तेव्हा या प्रकाराने मोठा हादरा बसला होता.

आपण कुणावर संशय घ्यायचा म्हणून मी हे सांगत नाही. बचत गटात आपण संशय घेत नाही, पण पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी ठेवतो. का? कारण त्यामुळे दोघींचंही नाव चांगलं राहतं. माहितीलाही तीच पद्धत लावायची, एवढंच.

बसवताना कुठे कुठे थांबायचं

आता दुकान बसवतानाच्या पायऱ्या घेऊ. बसवणारा मुलगा 'पुढे', 'पुढे' असं दाबत जातो. त्याच्या शेजारी गटातल्या दोघी बसा आणि या ठिकाणी त्याला थांबवा.

*नाव आणि जागा.* दुकानाचा पत्ता, म्हणजे डोमेन, आणि दुकान जिथे राहणार ते होस्टिंग विकत घ्यावं लागतं. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी या दोन गोष्टींना दरवर्षी पैसे पडतात. पुष्कळ ठिकाणी होतं असं, की कुणाचा तरी भाचा स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतःच्या नावावर डोमेन घेतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण उद्या त्याला बंगळुरात नोकरी लागली, तर गटाचं दुकान त्याच्या खिशात बंगळुरूला जातं. डोमेन आणि होस्टिंग गटाच्या किंवा महासंघाच्या नावावर, ऑफिसच्या ई-मेलवर आणि ऑफिसच्या फोनवर घ्या. कुणा ताईच्या घरचा पत्ता आणि तिचा स्वतःचा नंबर तिथे देऊ नका.

*'आम्हाला माहिती पाठवा' ही खूण.* वूकॉमर्स सुरू करताना ते विचारतं, की तुमच्या दुकानाच्या वापराची माहिती आम्हाला पाठवायची का? सॉफ्टवेअर सुधारायला त्यांना ती लागते. हो म्हटलं तर दुकानाचा पत्ता, चालवणाऱ्याचा ई-मेल, दुकानात काय काय बसवलंय, किती माल, किती ऑर्डरी, किती रुपयांच्या, अशी माहिती जाते. गिऱ्हाइकांची नावं-पत्ते त्यात जात नाहीत, हे मी मुद्दाम सांगते, उगाच भीती नको. पण आपला व्यवहार किती हे बाहेर सांगायचं की नाही, हा आपला निर्णय आहे. ती चौकट आधीच भरलेली आहे का ते बघा. नको असेल तर खूण काढा. नंतरही सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते. नाही म्हटल्याने दुकान अडत नाही.

*फुकटची जोडणी.* मग ते सांगतं, हेही घ्या, तेही घ्या. यांना प्लगइन म्हणतात. गप्पांची खिडकी, जाहिरातीचा माग, गिऱ्हाईक कुठून आलं ते दाखवणारं यंत्र. यातली बरीचशी आपल्या गिऱ्हाइकाची हालचाल तिसऱ्याच कंपनीला कळवतात. आपल्या अंगणात दुसऱ्याचा माणूस वही घेऊन बसवल्यासारखं आहे ते. प्रत्येक जोडणीला एकच प्रश्न विचारा: याच्याशिवाय आपली पार्सलं जातील का? जात असतील, तर नको. आणि विकतचं प्लगइन कुणी 'ताई, मी फुकटात आणून देतो' म्हणालं, तर हात जोडा. अशा चोरीच्या प्रतींत पुष्कळदा मागचं दार ठेवलेलं असतं.

*बसवून झाल्यावरचं झाडलोट.* ओपनकार्ट किंवा प्रेस्टाशॉप बसवलं, की बसवण्यासाठी वापरलेलं 'इन्स्टॉल' नावाचं फोल्डर काढून टाकायला ते स्वतःच सांगतं. घर बांधून झाल्यावर शिडी भिंतीला तशीच ठेवायची नसते, ही साधी गोष्ट आहे. मुलाला विचारा, 'बाळा, शिडी काढलीस का?' आणि दुकानाच्या पत्त्याच्या सुरुवातीला कुलपाचं चिन्ह किंवा 'एचटीटीपीएस' आहे का ते बघा. ते नसेल तर गिऱ्हाइकाने भरलेला पत्ता वाटेत वाचता येतो. हे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेकडून फुकट मिळतं, त्यासाठी कुणी हजारो रुपये मागितले तर आधी चौकशी करा.

*अर्जात काय विचारायचं.* गिऱ्हाइकाने भरायच्या फॉर्ममध्ये किती रकाने ठेवायचे ते आपल्या हातात असतं. नाव, पत्ता, पिनकोड, फोन एवढ्यावर पार्सल जातं. कंपनीचं नाव कशाला? जन्मतारीख कशाला? आपल्याला सगळीकडे आधारची झेरॉक्स जोडायची सवय लागली आहे, पण लाडू पाठवायला आधार लागत नाही. आणि दुकानात खातं न उघडताही खरेदी करता येईल अशी सोय ठेवा. जी माहिती घेतलीच नाही, ती सांभाळायचा प्रश्नच येत नाही.

*पैसे.* कार्डाचा नंबर आपल्या पानावर भरून घ्यायचाच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर साठवता येत नाही. पैसे घेणारी जी कंपनी असते, पेमेंट गेटवे, तिच्या पानावर गिऱ्हाईक जाईल आणि पैसे भरून परत येईल, अशी व्यवस्था करा. क्यूआर कोड लावायचा तर गटाच्या बँक खात्याचा लावा. एखाद्या ताईचा खाजगी यूपीआय लावला आणि त्यात तिचा मोबाइल नंबरच असला, तर तो नंबर जगाला दिला असं समजा.

*कुणाला किती उघडायचं.* वर्डप्रेसमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे मुख्य किल्ली. वूकॉमर्समध्ये 'शॉप मॅनेजर' म्हणून वेगळी किल्ली असते, तिने ऑर्डरी आणि माल बघता येतो, पण पूर्ण दुकान उलथवता येत नाही. मुख्य किल्ली गटाच्या दोघींकडेच. ऑर्डर बघणारीला शॉप मॅनेजरची. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा. सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवायचा नाही. बसवणाऱ्या मुलाचं काम झालं की त्याची किल्ली बंद करायची. परत काम निघालं तर परत द्यायची. त्यात त्याचा अपमान नाही, गवंडी काम संपल्यावर आपण घराची किल्ली त्याच्याकडे ठेवतो का?

*किती दिवस ठेवायचं.* वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स अँड प्रायव्हसी' असं एक पान आहे. अर्धवट राहिलेल्या, फसलेल्या, रद्द झालेल्या आणि पूर्ण झालेल्या ऑर्डरींमधली माहिती किती दिवस ठेवायची ते तिथे लिहायचं असतं. चौकट रिकामी सोडली तर माहिती कायमची राहते, आणि बहुतेक ठिकाणी ती रिकामीच असते. कुणी नाव-नंबर भरून मग विचार बदलला, तर त्या अर्धवट ऑर्डरीचं आपल्याला काय करायचंय? महिनाभरात ती पुसली जाईल असं लावा. पूर्ण झालेल्या ऑर्डरींची बिलं हिशोबासाठी ठेवावी लागतात, ती किती वर्षं ते आपल्या सीएंना विचारून ठरवा. 'माझी माहिती मला दाखवा' किंवा 'पुसून टाका' असं गिऱ्हाईक म्हणालं, तर त्याचीही सोय वर्डप्रेसच्या 'टूल्स'मध्ये आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून माहितीच्या रक्षणाचा कडक कायदा लागू झाला, त्याच महिन्यात या सोयी आल्या. कायदा तिकडचा असला तरी सोय आपल्यालाही मिळाली, तर ती वापरायची.

वर्डप्रेस मराठीत मिळतं. जोडण्यांमधला प्रत्येक शब्द मराठीत असेलच असं नाही. अडलं तर 'याचा अर्थ काय' हे विचारायला लाजू नका. बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हा विथड्रॉवल स्लिपही आपल्याला कुठे ठाऊक होती?

आपल्या सभासदांची माहिती

आता गिऱ्हाईक सोडा, आपल्याकडे वळू. कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

प्रत्येक दुकानात 'आमच्याविषयी' असं एक पान असतं. तिथे सभासदांचे फोटो टाकतात. खाली लिहितात: 'यांचे पती वारले, डोक्यावर कर्ज होतं, गटाने आधार दिला, आज त्या पापड करतात.' वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ऑर्डरही वाढत असेल. पण त्या ताईला विचारलं होतं का? आपल्या घरी कर्ज होतं हे तिच्या लेकीच्या सासरकडच्यांना इंटरनेटवर वाचायला मिळावं, असं तिला वाटतं का? बैठकीत कुणी कर्ज मागताना नवऱ्याच्या दारूचं, लेकीच्या बाळंतपणाचं सांगते, तेव्हा आपण काय म्हणतो? बैठकीतलं बैठकीतच. तोच नियम वेबसाइटला.

म्हणून फोटो आणि गोष्ट टाकायच्या आधी त्या ताईला मजकूर वाचून दाखवा. फोनच्या पडद्यावर कसा दिसेल तो दाखवा. तिने हो म्हटलं तर टाका. उद्या नको म्हणाली तर काढा, कारण विचारू नका. एक मात्र तिला आधीच सांगा, की आपण काढला तरी कुणी उतरवून घेतलेला फोटो परत येत नाही. हे ऐकून ती नाही म्हणाली तर ते तिचं नाही म्हणणं मोलाचं आहे. हातांचा फोटो टाका, पापड लाटतानाचा. तोही छान दिसतो.

फोन नंबरचं तर विचारूच नका. दुकानावर खाजगी नंबर टाकला की रात्री अकराला 'हॅलो मॅडम' सुरू होतं. मग घरात बोलणी ताईला बसतात, आणि शेवटी 'बंद कर तुझा तो धंदा' इथवर येतं. एका नंबरापायी बाईचं काम सुटू शकतं, इतकी ही गोष्ट मोठी आहे. आता, दुकान म्हटलं की नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांतही ते आहे. खाण्याच्या पाकिटावरही जे छापायला हवं ते छापावंच लागतं. त्याला नाही म्हणायचं नाही. पण त्यासाठी गटाच्या नावाचं वेगळं सिम घ्या, त्याची वेळ ठरवा, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. नंतर तो फोन बंद.

सगळ्यात मोठं भोक

एवढं सगळं केलं, दुकानाला सात कुलपं लावली, आणि संध्याकाळी ऑर्डरची पूर्ण यादी नाव-पत्ता-फोनसकट ऐंशी जणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तर काय उपयोग? ते फोन घरात नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्याही हातात असतात. बहुतेक माहिती बाहेर जाते ती अशीच, कुणाच्याही वाईट हेतूशिवाय.

चकली करणारीला काय हवं? किती किलो आणि कधीपर्यंत. तिला पत्ता नको. पार्सल बांधणारीला पत्ता हवा, पण तिने आज बांधायच्या पार्सलांचाच. कुरियरच्या मुलाला चिठ्ठी हवी, यादी नको. प्रत्येकीला तिच्या कामापुरतं द्या. आणि पार्सल पोचलं की यादी पुसा. उरलेल्या चिठ्ठ्या रद्दीत देऊ नका, चुलीत घाला.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खाजगीपण हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला, त्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत.

त्यातलं आपल्या कामाचं सांगते. माहिती कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत आधी सांगायचं, आणि गिऱ्हाइकाला ते मराठीत वाचायचं असेल तर मराठीत मिळालं पाहिजे. ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची. फराळासाठी घेतलेला नंबर विमा एजंटला द्यायचा नाही, मग तो एजंट आपला भाऊ का असेना. संमती दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीशिवाय नाही. माहिती फुटली तर लपवायची नाही, ज्यांची फुटली त्यांना आणि सरकारी मंडळाला कळवायचं. नीट राखण केली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. हा आकडा ऐकून घाबरू नका, ती कमाल मर्यादा आहे. पण हा विषय सरकारने किती गंभीरपणे घेतलाय ते त्यावरून कळतं.

कुणाचे पैसे ऑनलाइन गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करायचा. हा नंबर गटाच्या पेटीवर लिहून ठेवा.

बैठकीत घ्यायचा ठराव

बोलून झालं ते विसरतं, लिहिलेलं राहतं. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत हा ठराव वाचा, त्यात तुम्हाला हवे ते बदल करा, आणि प्रोसिडिंगच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

१. दुकानाचं डोमेन, होस्टिंग आणि ई-मेल गटाच्या नावावर राहील. त्यांचे पासवर्ड बंद पाकिटात गटाच्या पेटीत राहतील.

२. मुख्य किल्ली, म्हणजे अ‍ॅडमिन, फक्त दोघींकडे राहील. त्यांची नावं वहीत लिहिली जातील आणि पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदलले जातील.

३. बसवणाऱ्याचं लॉगिन काम संपल्यावर त्याच दिवशी बंद होईल. त्याच्या लॅपटॉपवर बॅकअपची प्रत राहणार नाही.

४. गिऱ्हाइकाकडून पार्सलसाठी लागेल तेवढीच माहिती घेतली जाईल. कार्डाचा नंबर आणि आधार घेतला जाणार नाही.

५. सभासदाचा फोटो, नाव किंवा गोष्ट तिला मजकूर वाचून दाखवल्यावर आणि तिची सही घेतल्यावरच टाकली जाईल. तिने सांगितल्यावर काढली जाईल.

६. कुणाही सभासदाचा खाजगी नंबर दुकानावर असणार नाही.

७. ऑर्डरची पूर्ण यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली जाणार नाही.

८. महिन्यातून एकदा दोघी मिळून सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या आल्या आहेत का ते बघतील, बॅकअप तपासतील आणि तसं वहीत लिहितील.

९. दुकानावर मराठीत चार ओळी लिहिल्या जातील: आम्ही कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, किती दिवस ठेवतो आणि ती पुसायची असेल तर कुणाला फोन करायचा.

या नवव्या मुद्द्याबद्दल एक शेवटचं सांगते आणि थांबते. त्या चार ओळी इंग्रजी वेबसाइटवरून उचलू नका. आपल्या भाषेत लिहा, जशा आपण गिऱ्हाइकाशी स्टॉलवर बोलतो तशा. पुण्यातल्या कुणी काकू फराळ मागवताना त्या ओळी वाचतील, आणि या बायका आपला माल जसा नीट करतात तसा माझा पत्ताही नीट ठेवतील, एवढं त्यांना वाटलं तरी पुष्कळ झालं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांच्या गटाचं दुकान आधीच सुरू झालंय त्यांनी मोबाइल बाहेर काढा. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि अ‍ॅडमिन किती जण आहेत, हे चहाच्या आधी इथेच बघून टाकू.